सेल्सिअस, फॅरनहाइट, केल्विन : तापमानाचा आकडा कसा वाचायचा आणि कसा बदलायचा

एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, धुळे भागात एकाच घरात तापमानाचे तीन तऱ्हेचे आकडे कानावर पडतात. बाहेर ४४, पोराचा ताप १०२ आणि नव्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ६५००. हवामान सेल्सिअसमध्ये सांगतात, ताप फॅरनहाइटमध्ये, बल्बचा प्रकाश केल्विनमध्ये. सूत्र शाळेत बहुतेकांनी पाठ केलेलं असतं. नेमकं कुठे ३२ मिळवायचे आणि कुठे अजिबात मिळवायचे नाहीत, इथे मात्र भलेभले अडखळतात. हा लेख त्या अडखळण्यासाठी आहे. पुढे सेल्सिअससाठी 'से.', फॅरनहाइटसाठी 'फॅ.' आणि केल्विनसाठी 'के.' असं लिहिलं आहे.

दोन मापांत फरक कशाचा

समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला बर्फ ० से.ला वितळतो आणि पाणी १०० से.ला उकळतं. याच दोन खुणा फॅरनहाइटमध्ये ३२ आणि २१२ आहेत. म्हणजे बर्फापासून उकळीपर्यंतच्या त्याच अंतराचे सेल्सिअसने १०० भाग केले, फॅरनहाइटने १८०. सेल्सिअसचा एक अंश मोठा आहे, तो फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा भरतो. १८० भागिले १०० म्हणजे ९/५. सूत्रातला ९/५ इथून आला.

दुसरा फरक शून्याच्या जागेचा. डॅनियल फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपलं माप मांडलं, तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान त्याने शून्य धरलं. हे मिश्रण साध्या बर्फापेक्षा बरंच थंड असतं. म्हणून त्याच्या मापावर बर्फाची खूण ३२ वर आली. अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये मांडलेलं माप तर आजच्या उलट होतं: उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १००. ते त्याच्या मृत्यूनंतर सुलटं झालं. 'सेंटिग्रेड' हे नाव १९४८ मध्ये अधिकृतपणे बदलून 'सेल्सिअस' करण्यात आलं. जुन्या उपकरणांवर सेंटिग्रेड लिहिलेलं दिसलं तर ते हेच माप आहे, काही बदलावं लागत नाही.

तेव्हा लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच: अंशाचा आकार वेगळा आणि शून्याची जागा वेगळी. जवळजवळ सगळ्या चुका या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने होतात.

आकडा बदलण्याआधी विचारायचा प्रश्न: ही नोंद आहे की फरक?

'आज जळगावचं कमाल तापमान ४४ अंश' ही नोंद झाली. 'कालपेक्षा ३ अंशांनी वाढलं' हा फरक झाला. नोंद बदलताना अंशाचा आकार आणि शून्याची जागा दोन्ही बदलतात, म्हणून ९/५ ने गुणायचं आणि ३२ मिळवायचे. फरक बदलताना शून्याचा काही संबंधच नसतो. फक्त ९/५ ने गुणायचं, ३२ ला हात लावायचा नाही.

हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषात हे स्पष्ट दिसतं. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० से. असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट धरतात. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला तरी लाट, आणि ४७ ला पोचला तर तीव्र लाट. आता हेच फॅरनहाइटमध्ये मांडा. ४० से. ही नोंद आहे, तिचे १०४ फॅ. होतात. ४५ चे ११३ आणि ४७ चे ११६.६. पण ४.५ हा फरक आहे, त्याचे ८.१ फॅ. होतात. मोबाइलमधल्या कन्व्हर्टरमध्ये ४.५ टाकलं तर तो ४०.१ दाखवतो, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक आकडा ही नोंदच असते. 'सरासरीपेक्षा ४०.१ अंश फॅरनहाइटने जास्त' असं छापलं गेलं तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही. अॅपला फरक कळत नाही, तो आपल्यालाच ओळखावा लागतो.

पाच-नऊची शिडी

सूत्रापेक्षाही उपयोगी गोष्ट म्हणजे ही शिडी. सेल्सिअसचे ५ अंश म्हणजे फॅरनहाइटचे बरोबर ९ अंश. ० आणि ३२ पासून सुरुवात करा. एका बाजूला ५-५ चढत जा, दुसऱ्या बाजूला ९-९.

० से. — ३२ फॅ.
५ — ४१
१० — ५०
१५ — ५९
२० — ६८
२५ — ७७
३० — ८६
३५ — ९५
४० — १०४
४५ — ११३
५० — १२२

या सगळ्या जोड्या तंतोतंत आहेत, कुठेही पूर्णांकात आणण्यासाठी ओढाताण केलेली नाही. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत आपल्याकडचं सगळं हवामान या अकरा ओळींत बसतं. कागदावर लिहून भिंतीला लावा, आठवडाभरात पाठ होईल.

मधला आकडा हवा असेल तर जवळची पायरी धरायची. ४३ से. हवं आहे? ४० म्हणजे १०४. वर ३ अंश राहिले, ३ गुणिले १.८ म्हणजे ५.४. उत्तर १०९.४ फॅ. उलट दिशेने १०२ फॅ. घ्या. जवळची पायरी १०४, म्हणजे ४० से. २ फॅ. कमी आहे, २ गुणिले ५/९ म्हणजे १.१. उत्तर ३८.९ से.

आकडे उलटे होणाऱ्या दोन जोड्याही पाठ करण्यासारख्या आहेत: १६ से. म्हणजे जवळपास ६१ फॅ. आणि २८ से. म्हणजे जवळपास ८२ फॅ. नेमकी उत्तरं ६०.८ आणि ८२.४ आहेत, पण पटकन अंदाज घ्यायला पुरतात.

सूत्र, तोंडी हिशेब आणि कॅल्क्युलेटर

से. वरून फॅ.: से. गुणिले ९, भागिले ५, मग अधिक ३२.
फॅ. वरून से.: आधी ३२ वजा, मग गुणिले ५, भागिले ९.
से. वरून के.: अधिक २७३.१५. उलट जाताना वजा २७३.१५.

जाताना ३२ शेवटी येतात, परतताना आधी जातात. हा क्रम उलटा झाला की उत्तर चुकतं.

से. वरून फॅ. तोंडी काढायचं असेल तर दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा भाग वजा करा आणि ३२ मिळवा. ४५ चे ९०, त्यातून ९ गेले, ८१ राहिले, अधिक ३२ म्हणजे ११३. हा अंदाज नाही, उत्तर पूर्ण बरोबर येतं, कारण २ मधून ०.२ गेले की १.८ च राहतात. उणे आकड्यालाही हीच रीत चालते, चिन्ह मात्र शेवटपर्यंत सांभाळायचं. फ्रीजरचे उणे १८ घ्या. दुप्पट उणे ३६, दहावा भाग उणे ३.६, तो वजा केला की उणे ३२.४. अधिक ३२ केले की उणे ०.४ फॅ. बाहेरच्या माहितीपत्रकात फ्रीजर '० फॅ.'वर ठेवा असं लिहितात, ते आपल्याकडचं उणे १८ च.

'दुप्पट करा आणि ३० मिळवा' ही सोपी युक्ती बरेच जण सांगतात. १० से.ला ती बरोबर ५० देते, २५ ला ७७ ऐवजी ८० देते. ४५ ला मात्र ११३ ऐवजी १२० देते, म्हणजे ७ अंशांची चूक. थंड देशात ती चालून जाईल. खान्देशच्या उन्हाळ्यात तिच्या नादी लागू नका.

कॅल्क्युलेटरवर एक नेमका खड्डा आहे. १०४ फॅ. बदलायला १०४ − ३२ × ५ ÷ ९ एवढं सलग दाबलं, तर दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर उत्तर ४० येतं आणि मोबाइलवर सुमारे ८६.२. साधं यंत्र डावीकडून उजवीकडे जसं दाबाल तसं करत जातं. मोबाइल गणिताच्या नियमाने आधी गुणाकार-भागाकार उरकतो आणि मग वजाबाकी करतो. म्हणून मोबाइलवर १०४ − ३२ कंसात टाका, किंवा वजाबाकीनंतर एकदा बरोबरचं चिन्ह दाबून मग पुढे जा. एक्सेलच्या रकान्यातही कंस विसरला की हेच चुकीचं उत्तर शंभर ओळींत पसरतं. सी किंवा जावामध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची चूक वेगळी असते. तिथे ५/९ हे दोन पूर्णांक म्हणून भागले तर उत्तर ० येतं आणि कोणतंही तापमान टाकलं तरी शून्यच दिसतं. ५.० / ९.० लिहा.

तक्ता असो वा प्रोग्रॅम, तपासायला तीन आकडे पुरतात. ० टाका, ३२ यायला हवेत. १०० टाका, २१२ यायला हवेत. उणे ४० टाका, उणे ४० च यायला हवेत. दोन्ही मापं फक्त याच एका ठिकाणी जुळतात. तिसरा आकडा टाळू नका, कंस आणि चिन्हाच्या चुका तिथे उघड्या पडतात.

दशांश किती ठेवायचे, हेही ठरवावं लागतं. मूळ आकड्यात जेवढी अचूकता आहे तेवढीच उत्तरात ठेवा. परदेशी पाककृतीतले ३५० फॅ. म्हणजे कॅल्क्युलेटरवर १७६.६६६७ से. ओव्हनचा खटका एवढं बारीक काही पाळत नाही. १७५ किंवा १८० ठेवा, बट्ट्या तितक्याच खरपूस होतील. ३७५ फॅ.ला १९०, ४०० ला २०० ते २०५ आणि ४२५ ला २२० धरा.

ताप मोजताना

इथे दशांशाला मोल आहे. १ से. म्हणजे १.८ फॅ., त्यामुळे '३८ च्या आसपास' असं सांगणं पुरत नाही. ३८.० म्हणजे १००.४ आणि ३८.९ म्हणजे १०२. अर्ध्या अंशाची शिडी अशी:

३७.० — ९८.६
३७.५ — ९९.५
३८.० — १००.४
३८.५ — १०१.३
३९.० — १०२.२
३९.५ — १०३.१
४०.० — १०४.०
४०.५ — १०४.९

अर्धा अंश से. चढला की ०.९ फॅ. चढतात. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर फॅ.च्या बाजूला दोन मोठ्या रेघांमध्ये पाच भाग असतात, म्हणजे एक बारीक रेघ ०.२ फॅ.ची. से.च्या बाजूला बारीक रेघ ०.१ ची असते. एकाच नळीवर दोन्ही बाजू असतील तर कोणती बाजू वाचतोय ते आधी ठरवून घ्या.

डिजिटल थर्मामीटर अचानक ३७.८ दाखवायला लागला तर तो बहुधा बिघडलेला नसतो, माप बदललेलं असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये बटण काही सेकंद दाबून धरलं की से. आणि फॅ. यांची अदलाबदल होते. आकड्याच्या बाजूचं बारीक अक्षर पाहायची सवय लावा. एसीच्या रिमोटचंही तसंच आहे. २४ च्या जागी ७५ दिसलं तर खोली तापलेली नाही, रिमोट फॅ.वर गेला आहे.

काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा थोडं कमी येतं, म्हणून 'एक अंश मिळवा' असं घरोघरी सांगतात. हा एक अंश फॅरनहाइटचा आहे आणि तो फरक आहे. से. दाखवणाऱ्या यंत्रात एक अंश मिळवला तर प्रत्यक्षात १.८ फॅ. वाढवल्यासारखं होतं आणि साध्या कणकणीचा चांगला ताप दिसायला लागतो. सगळ्यात बरं म्हणजे काही मिळवूच नये. 'काखेत ९९.६ फॅ.' असं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगावं.

आपल्याकडे ४० से. म्हणजे १०४ फॅ. ही जोडी प्रत्येकाला तोंडपाठ हवी. उन्हातून आलेल्या माणसाच्या अंगाचं तापमान इतकं किंवा याहून जास्त असेल आणि तो असंबद्ध बोलत असेल, गोंधळलेला असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात आहे. तापाची गोळी त्यावर काम करत नाही. सावलीत आणून अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

जनावरांना माणसाचा तक्ता लावू नका. गायीचं नेहमीचं तापमान सुमारे १०१.५ फॅ., म्हणजे ३८.६ से. असतं. माणसाच्या थर्मामीटरच्या हिशेबाने तो ताप वाटेल, पण गाय ठणठणीत असते.

पिल्लांचं ब्रूडिंग (कृत्रिम उबेत वाढवणं): फरकाचं सगळ्यात महागडं उदाहरण

नवापूरसारख्या कुक्कुटपालनाच्या भागात नवीन शेड टाकणाऱ्याच्या हातात बहुधा फॅ.मधला तक्ता येतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ९५ फॅ. ठेवा, मग दर आठवड्याला ५ अंश कमी करा, असा तो असतो. शेडमध्ये टांगलेला थर्मामीटर मात्र से.चा.

९५ ही नोंद, तिचे ३५ से. होतात. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. पुढच्या '५ अंश कमी'मध्ये घोळ होतो. कन्व्हर्टरमध्ये ५ टाकलं की तो उणे १५ दाखवतो आणि माणूस चक्रावतो. मग 'अंश तो अंशच' म्हणून दर आठवड्याला ५ से. उतरवायला सुरुवात होते: ३५, ३०, २५, २०. तक्त्याला अपेक्षित आहे ९५, ९०, ८५, ८० फॅ., म्हणजे ३५, ३२.२, २९.४ आणि २६.७ से. दर आठवड्याला घट २.८ से.ची हवी. ५ से.ने उतरवलं तर तिसऱ्या आठवड्यात शेड ४ अंशांहून जास्त थंड पडते. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा होतात, खाणं कमी होतं, खालची दबून मरतात.

तक्ता बदलायची बिनचूक रीत अशी: फरक बदलत बसूच नका. आधी मूळ मापात सगळ्या नोंदी लिहून काढा (९५, ९०, ८५, ८०) आणि मग एकेक नोंद बदला. आणि तक्ता कितीही बरोबर असला तरी पिल्लांकडे पाहा. गोळा झाली तर थंडी आहे, बल्बपासून लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय. मेमध्ये दुपारी बाहेरच ४२-४३ असताना ब्रूडरचे बल्ब बंदच ठेवावे लागतात, पहाटे मात्र पुन्हा पाहावं लागतं.

फरकाचाच आणखी एक प्रकार शेतीत येतो. किडीचा किंवा पिकाच्या वाढीचा अंदाज घ्यायला रोजच्या तापमानातून ठरावीक पायाभूत तापमान वजा करून बेरीज करत जातात, त्याला डिग्री-डे म्हणतात. अमेरिकन तक्त्यात पाया ५० फॅ. आणि बेरीज ९०० असेल, तर पाया ही नोंद आहे, त्याचे १० से. बेरीज मात्र फरकांची आहे, म्हणून ९०० गुणिले ५/९, म्हणजे ५००. तिथे ३२ वजा करायचे नाहीत.

केळीचं चेंबर आणि कंटेनर

रावेर, यावल भागातली केळी बाहेर जाते तेव्हा तापमानाचा एक अंशही इकडेतिकडे चालत नाही. कच्ची केळी वाहतुकीत साधारण १३ ते १४ से. ला ठेवतात, म्हणजे ५५.४ ते ५७.२ फॅ. याहून खाली गेलं की सालीखालच्या पेशींना थंडीची इजा होते. साल मळकट-करडी पडते आणि नंतर पिकवली तरी तिला पिवळा तजेला येत नाही. नुकसान लगेच दिसत नाही, पिकवण्याच्या चेंबरमध्ये लावल्यावर उघड होतं. पिकवताना १६ ते १८ से. ठेवतात, म्हणजे ६०.८ ते ६४.४ फॅ.

खरेदीदाराच्या कागदावर '५६ फॅ.' असेल तर ते १३.३ से. झालं. यंत्रावर दशांश घालता येत असेल तर १३.३ च घाला. पूर्णांकच घेत असेल तर १३ की १४ हे खरेदीदाराला विचारून ठरवा, परस्पर १३ वर आणू नका, कारण इजेची हद्द त्याच बाजूला आहे. आकडा पूर्णांकात आणताना नेहमी कोणत्या बाजूला नुकसान आहे हे पाहायचं आणि त्याच्या उलट बाजूला जायचं.

दुसरी गोष्ट, भिंतीवरचा आकडा हवेचा असतो. पिकणारी केळी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे गराचं तापमान हवेपेक्षा जास्त असतं, खोक्यांच्या थप्पीच्या मधोमध तर आणखी जास्त. टोकदार प्रोब, म्हणजे तापमान मोजायची सळई, फळाच्या गरात खुपसून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून मोजा. नोंदवहीत 'हवा' आणि 'गर' असे दोन वेगळे रकाने ठेवा.

केल्विन कुठे लागतो

१८४८ मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या काळातल्या लॉर्ड केल्विनने, ज्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही अशा टोकापासून सुरू होणारं माप सुचवलं. ते शून्य उणे २७३.१५ से.ला आहे. केल्विनच्या अंशाचा आकार सेल्सिअसएवढाच आहे, त्यामुळे फरक दोन्हींत सारखाच राहतो. लिहिताना '३०० केल्विन' असं लिहायचं, 'अंश' लावायचा नाही.

'पट' किंवा 'टक्के' हे शब्द आले की केल्विनशिवाय गत्यंतर नाही. ४४ से. हे २२ से.च्या दुप्पट गरम नाही. हीच दोन तापमानं फॅ.मध्ये १११.२ आणि ७१.६ आहेत, तिथे दुप्पट दिसत नाही. सेल्सिअस आणि फॅरनहाइटमधलं शून्य माणसाने ठरवलेलं आहे, म्हणून पटीची तुलना फोल ठरते.

टायरवर हे करून पाहा. सकाळी २५ से.ला चारचाकीत ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली. दुपारच्या डांबरी रस्त्यावर टायरमधली हवा ५५ से. झाली. गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून आधी बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवा: ४६.७. आता तापमानं केल्विनमध्ये: २९८.१५ आणि ३२८.१५. ४६.७ गुणिले ३२८.१५ भागिले २९८.१५ म्हणजे सुमारे ५१.४. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर साधारण ३६.७. इथे सेल्सिअसचे ५५ आणि २५ घातले असते तर दाब दुपटीहून जास्त आला असता. गरम टायरमधून हवा सोडू नका, असं सांगतात ते याच कारणाने: थंड झाल्यावर दाब कमी पडतो.

बल्बच्या खोक्यावरचे ६५०० के. म्हणजे बल्ब तेवढा तापतो असं नाही. एखादी वस्तू तेवढ्या तापमानाला जसा रंग फेकेल तसा प्रकाश या बल्बचा आहे, एवढंच. ६५०० पांढरा-निळसर, २७०० पिवळसर. हा आकडा से.मध्ये बदलण्यात काही हशील नाही.

गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर जो द्रव नायट्रोजनचा कॅन आणतात, त्यात उणे १९६ से., म्हणजे सुमारे ७७ के. किंवा उणे ३२०.८ फॅ. असतात. त्यातली रेताची कांडी ३७ से.च्या, म्हणजे ९८.६ फॅ.च्या पाण्यात साधारण ३० सेकंद ठेवून वितळवतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी याहून गरम असू शकतं, म्हणून हाताच्या अंदाजावर न जाता पाणी थर्मामीटरने मोजून घ्यावं.

रँकिन आणि रेओमूर ही मापं जुन्या पुस्तकांत भेटतात. रँकिन म्हणजे फॅरनहाइटच्या आकाराचे अंश, पण शून्य केल्विनच्या जागी. रेओमूरमध्ये पाणी ८० ला उकळतं. रोजच्या व्यवहारात दोन्हींची गरज पडत नाही.

यंत्रच चुकत असेल तर

चुकीची नोंद कितीही बरोबर बदलली तरी चुकीचीच राहते. स्वयंपाकाचा किंवा चेंबरचा प्रोब तपासायला ग्लास काठोकाठ कुटलेल्या बर्फाने भरा, फटी भरतील एवढंच गार पाणी घाला, ढवळा आणि प्रोबचं टोक मधोमध, तळाला न टेकवता तीन मिनिटं धरा. ० से. किंवा ३२ फॅ. दिसायला हवं. दोन अंश जास्त दाखवत असेल तर यंत्रावर तशी चिठ्ठी लावा आणि वाचताना तेवढे वजा करा. मोठे खडे आणि भरपूर पाणी घेतलं तर तळाशी पाणी पुरेसं गार होत नाही आणि चांगला प्रोब उगाच नापास होतो.

उकळत्या पाण्यात तपासताना उंची विचारात घ्या. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९९.३ से.च्या आसपास उकळतं. तोरणमाळ हजार मीटरहून उंच, तिथे ९६ ते ९७ ला. १०० दिसलं नाही म्हणून प्रोब फेकू नका. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र उकळत्या पाण्यात कधीही घालू नका, तो फुटतो किंवा कायमचा बिघडतो.

हवा मोजायची तर सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर. उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या काचेचं तापमान सांगतो. रस्त्यावरच्या गाडीच्या पडद्यावर ४९ दिसतं आणि वेधशाळा ४५ सांगते, ते बरेचदा यामुळे. तापमानाची गन चकचकीत स्टीलच्या भांड्यावर धरली तर आकडा खूप कमी येतो. भांड्यावर काळी चिकटपट्टी लावून ती तापू द्या आणि पट्टीवर गन धरा. गनला 'शरीर' आणि 'पृष्ठभाग' अशी दोन बटणं असतील तर दुसऱ्यावर कपाळ मोजलं की ३३-३४ से. येतं. तब्येत बिघडलेली नसते, फक्त बटण बदलायचं असतं.

माप लिहिलेलंच नसेल तर

हवामानाचा आकडा ५० च्या वर असेल तर तो बहुधा फॅ.चा. मोबाइलवर जळगावचं हवामान १११ दिसलं तर अॅपच्या सेटिंगमध्ये माप बदला, ते ४४ से.च आहे. अंगाचा ताप ३५ ते ४२ मध्ये असेल तर से., ९४ ते १०८ मध्ये असेल तर फॅ. इथे गफलत होत नाही, कारण दोन्हींचे पट्टे एकमेकांत घुसत नाहीत.

घोटाळा थंडाव्यात होतो. फ्रीज, कोल्ड स्टोरेज, लसीची पेटी. '३८' असं नुसतं लिहिलं तर फॅ.मध्ये ते ३.३ से., म्हणजे फ्रीजला योग्य, आणि से.मध्ये भट्टी. '८' लिहिलं तर से.मध्ये लसीची वरची मर्यादा आणि फॅ.मध्ये उणे १३.३ से., म्हणजे गोठवून लस वाया. लसी बहुतेक २ ते ८ से. ला, म्हणजे ३५.६ ते ४६.४ फॅ. ला ठेवतात. पेटीवरच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे माप लिहा, रकान्याच्या डोक्यावर एकदा लिहून भागत नाही, कारण पान उलटलं की डोकं दिसत नाही. आणि दुसऱ्या कोणी लिहिलेला बिनमापाचा आकडा असेल तर अंदाजाने बदलू नका, पेटी उघडून थर्मामीटर स्वतः वाचा.